लढतीचे घड्याळ (फायटिंग गेम)

फायटिंग गेममध्ये, म्हणजे दोन पात्रे समोरासमोर लढतात अशा व्हिडिओ गेममध्ये, पडद्यावर वरच्या बाजूला, दोन्ही खेळाडूंच्या लाइफच्या (उरलेल्या ताकदीच्या) पट्ट्यांमध्ये जो आकडा उलटा मोजत खाली येतो, ते लढतीचे घड्याळ, बोलण्यात टायमर. तो शून्यावर येईपर्यंत कोणीच के.ओ. (लाइफ संपून बाद) झाले नाही तर 'टाइम ओव्हर' होते आणि ज्याची लाइफ जास्त उरली त्याला फेरी मिळते. लाइफ अगदी सारखी असेल तर फेरी बरोबरीत सुटते किंवा दोघांच्याही नावावर जाते. प्रत्येक खेळाचा नियम वेगळा.

कॅपकॉमच्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये (१९९१) हा आकडा ९९ पासून सुरू होतो. दोन अंकांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या, आणि 'स्ट्रीट फायटर ६'पर्यंत ती टिकली आहे. 'टेकन ७' ६० वर, तर 'मॉर्टल कॉम्बॅट ११' ९० वर सुरू होतो. आर्केडमध्ये घड्याळाला धंद्याचेही कारण होते: एकाच लढतीत दोघे जण मशीन अडवून बसले तर मालकाचे नुकसान.

हे आकडे सेकंदच असतात असे नाही. बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या (पडद्यावरच्या चित्रांच्या) गतीने चालतात. दर फ्रेमला आत दडलेल्या मोजणीतून एक वजा होतो. ती मोजणी संपली की पडद्यावरचा आकडा एकाने उतरतो. आतली मोजणी ६० ची ठेवली तर एक आकडा एका सेकंदाचा. कमी-जास्त ठेवली तर घड्याळ तेवढे पळते किंवा रेंगाळते. शिवाय सुपर मूव्हच्या (पट्टी भरल्यावर टाकता येणाऱ्या सर्वांत जोरदार चालीच्या) वेळी खेळ क्षणभर गोठतो, तेव्हा अनेक खेळांत घड्याळही थांबते. ऑनलाइन लढतीत रोलबॅक पद्धत असेल, म्हणजे समोरच्याची चाल पोहोचायच्या आधीच खेळ तिचा अंदाज बांधत असेल, तर चुकलेला अंदाज दुरुस्त करताना खेळ काही फ्रेम मागे जातो आणि घड्याळही त्याच्यासोबत मागे जाते. म्हणून दोन्ही मशीनवर आकडा जुळतो.

घड्याळाचे खरे काम मात्र पुढे कोणी यायचे हे ठरवणे. लाइफमध्ये आघाडी असलेल्याला हल्ला करण्याची गरज उरत नाही. मागे पडलेल्याला बचाव सोडून धोका पत्करावाच लागतो. कबड्डीत शेवटच्या मिनिटांत आघाडीवरचा संघ बोनसच्याही नादी न लागता चढाई नुसती काढून येतो, तोच हिशेब. याला रडीचा डाव म्हणणे चूक आहे. घड्याळ नसते तर मिळवलेल्या आघाडीला किंमतच राहिली नसती.

फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेतली, 'एव्हो २००४'मधली, 'स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक'ची प्रसिद्ध फेरी या नजरेने पुन्हा पाहावी. दाइगो उमेहाराच्या केनची लाइफ जवळजवळ संपलेली, जस्टिन वाँगची चुन-ली आघाडीवर. वेळ काढूनही वाँगला फेरी मिळाली असती. पण स्पेशल मूव्ह ब्लॉक केली (अडवली) तरी थोडी लाइफ जातेच आणि तेवढ्यानेही केन पडला असता, म्हणून वाँगने सुपर मूव्ह टाकली. उमेहाराने तिचे सगळे १५ फटके पॅरी केले, म्हणजे नेमक्या क्षणी लाइफ न गमावता परतवले, आणि फेरी जिंकली.

वेळ काढण्याला आळा घालणारे नियमही आले. 'गिल्टी गिअर' मालिकेत सतत मागे सरकणाऱ्याला 'निगेटिव्ह पेनल्टी' बसते, म्हणजे त्याचा टेन्शन गेज (जोरदार चालींसाठी लागणारी पट्टी) रिकामा होतो. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये नुसते ब्लॉक करत राहिले की ड्राइव्ह गेज (खास चालींसाठीची पट्टी) घटत जातो आणि संपला की बर्नआउट होतो, म्हणजे काही काळ त्या चाली टाकता येत नाहीत. कबड्डीतली 'डू ऑर डाय' चढाईही याच विचारातली.

'सुपर स्मॅश ब्रदर्स'मध्ये लाइफची पट्टी नसते, खाल्लेल्या माराचे टक्के वाढत जातात आणि टक्के जितके जास्त तितका खेळाडू लांब फेकला जातो, त्यामुळे तिथला हिशेब निराळा. वेळ संपताना बरोबरी असेल तर खेळ स्वतः ३०० टक्क्यांवर 'सडन डेथ' सुरू करतो, पण स्पर्धांमध्ये त्याचा निकाल धरत नाहीत. ज्याचे स्टॉक (उरलेले जीव) जास्त तो जिंकतो, तेही सारखे असतील तर ज्याचे टक्के कमी तो. याच मालिकेतल्या 'मेली'च्या स्पर्धांत तर लढतीच्या मंचाच्या कडेला लटकून वेळ काढणाऱ्यांसाठी, वेळ संपून निकाल लागलाच तर किती वेळा कड पकडलेली चालेल यालाही मर्यादा घातली गेली.