ऐन पावसाळ्यातली लगीनघाई: गावाकडच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंच्या हंगामाची पार्श्वभूमी

आषाढी एकादशी उलटली की तालुक्याच्या गावातल्या रेकॉर्डिंग स्टुडिओची तारखांची वही भरायला लागते. आधी गणपतीची गाणी, सोबत गौरीची, मग देवीचे गोंधळ आणि जोगवे. खानदेशात त्याच्याही आधी, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई देवी येते. तिची अहिराणी गाणी आषाढातच उरकावी लागतात. कोकण किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेची कोळीगीतं असतात. घटस्थापनेपर्यंत मग दिवसही कमी पडतो आणि रात्रही.

ध्वनिमुद्रणासाठी वर्षातले सगळ्यात वाईट दिवस नेमके हेच. पत्र्यावर पाऊस, हवेत ओल, ढोलकी उतरलेली, वीज बेभरवशाची. उन्हाळ्यात हेच काम निम्म्या त्रासात होईल, पण गाणं सणाच्या तोंडावर लागतं आणि सण पंचांग ठरवतं. गावाकडच्या स्टुडिओंची बांधणी, सामान आणि कामाची रीत या एका अडचणीभोवतीच वाढत गेली.

ध्वनिमुद्रणाला असा हंगाम मुळात नव्हता. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं १९०२ मध्ये कोलकात्यात भारतातलं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण केलं. त्यानंतरची जवळपास पंचाहत्तर वर्षं गाणं मुद्रित होणं म्हणजे कलावंतानं शहरात जाणं. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावत. तास-दीड तास चालणारा गोंधळ तेवढ्यात बसवताना गण, आवतनं, कथा सगळं गळून एक पद उरायचं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ मध्ये आणि सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं, तेव्हा शाहीर, भजनी मंडळं आणि गोंधळी मोठ्या संख्येनं मायक्रोफोनसमोर आले. मात्र ती टेप केंद्रातच राहायची आणि जत्रेत विकायला काही नसायचं. मालच नाही, तर हंगाम कुठला?

तो आणला कॅसेटनं. फिलिप्सनं ती १९६३ मध्ये काढली, पण आपल्याकडे गावोगाव पसरली ती ऐंशीच्या दशकात. सुपर कॅसेट्स, म्हणजेच टी-सीरीज, १९८३ मध्ये सुरू झाली आणि कॅसेटचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज रिक्षात, पानपट्टीवर आणि देवळाच्या कर्ण्यावर वाजू लागले. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूरची दुकानं आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळ लागणारे स्टॉल ही खरी बाजारपेठ. म्हणजे गाणं कधी विकलं जाणार हे यात्रेच्या तारखेवरून ठरायला लागलं.

हिशेबही कॅसेटच्या मापानं व्हायचा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. चार गाणी ए बाजूला आणि चार बी बाजूला. दोन्ही बाजूंची लांबी जुळली नाही तर लहान बाजूच्या शेवटी कोरी फीत उरे आणि गिऱ्हाईक ‘कॅसेट बिघडली’ म्हणून परत आणे. त्यामुळे आठवं गाणं पुष्कळदा केवळ भरतीचं असायचं, हे जुने अल्बम ऐकताना लगेच कळतं. मास्टर तयार झाल्यावर प्रती काढणं, इनले कार्ड (डबीतला नावांचा कागद) छापणं आणि माल एसटीनं पोचवणं यात महिना-दीड महिना जायचा. साध्या डेकवर एक साठ मिनिटांची प्रत काढायला एक तास लागतो, दुप्पट वेगानं अर्धा. दहा डेक असले तरी हजार प्रतींना दुप्पट वेगानंही पन्नास तास. म्हणून गणपतीचं मुद्रण वैशाख-ज्येष्ठात संपलेलं असायचं. तेव्हाचा हंगाम उन्हाळ्याचा होता, ही गोष्ट आज सहसा ध्यानात येत नाही.

मग तो पावसात कसा सरकला? तीन पावलांत. पहिलं, स्टुडिओ गावात आला. चार ट्रॅक, म्हणजे चार वेगवेगळे आवाज, एका कॅसेटवर घेणारं यंत्र टॅस्कॅम कंपनीनं १९७९ मध्येच बाजारात आणलं होतं, पण गावातल्या माणसाला परवडणारा स्टुडिओ उभा राहिला तो संगणकावर. क्यूबेस या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या १९९६ च्या आवृत्तीत मिक्सर आणि इफेक्ट साध्या संगणकावरच चालू लागले. पुढच्या दहा वर्षांत एक संगणक, एक साउंड कार्ड, एक कंडेन्सर माइक आणि एक कीबोर्ड एवढ्यावर खोली चालू झाली. दुसरं पाऊल एमपी-थ्री डिस्कचं. ७०० एमबीच्या एका सीडीत १२८ केबीपीएस दर्जाची सव्वाशे-दीडशे गाणी मावत. आठ गाण्यांच्या कॅसेटची किंमत तिथेच संपली. तिसरं पाऊल सप्टेंबर २०१६ चं. जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि गाणं थेट यूट्यूबवर चढायला लागलं. छपाई नाही, वाहतूक नाही, प्रती नाहीत. महिना-दीड महिन्याची मधली मुदत गळाली आणि मुद्रण सणाच्या दिशेनं सरकत सरकत श्रावणात येऊन थांबलं. त्याही पुढे सरकेना, कारण आता गाण्याला व्हिडिओ लागतो. शूटिंगला पक्कं गाणं हातात हवं आणि एडिटिंगला आठवडाभर, म्हणून चतुर्थीच्या तीनेक आठवडे आधी ऑडिओ देणं भाग पडतं.

दुसरं कारण माणसांचं. जूनमध्ये पेरणी असते. पखवाजी, टाळकरी आणि चांगले चाली म्हणणारे वारीत असतात, ते पंढरपूरहून परततात तेव्हा निम्म्यांचा आवाज बसलेला असतो. तिकडे चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, आणि बँड व ऑर्केस्ट्रातले कीबोर्ड, बेंजो, ऑक्टोपॅड वाजवणारे एकदम मोकळे होतात. सगळे एका वेळी हाताशी सापडतात ते आषाढीनंतरच.

त्यामुळे आषाढी ते गणेश चतुर्थी हे अंतर म्हणजे गणपतीच्या हंगामाची लांबी. २०२४ मध्ये ते १७ जुलै ते ७ सप्टेंबर असं ५२ दिवसांचं होतं, २०२५ मध्ये ६ जुलै ते २७ ऑगस्ट असं पुन्हा ५२. पण २०२३ मध्ये अधिक श्रावण मध्ये आला आणि २९ जून ते १९ सप्टेंबर असे ८२ दिवस मिळाले. अधिक मास ज्येष्ठात आला, जसा २०२६ मध्ये, तर दोन्ही तारखा पुढे सरकतात आणि मधलं अंतर तेवढंच राहतं. तारखा देताना जुने स्टुडिओवाले आधी पंचांग उघडतात ते यासाठीच.

आता पावसाकडे. पत्र्याची खोली आणि पावसाची सर एकत्र आली की माइकला गायक ऐकूच येत नाही. यावर पहिला उपाय बहुतेक जण चुकीचा करतात: भिंतीला आणि छताला थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे. थर्माकोल हलका असतो, तो आवाज अडवत नाही. ट्रे खोलीतला घुमारा वरच्या पट्टीत थोडा कमी करतात इतकंच. आवाज अडवायला वजन लागतं, आणि थेंबाचा आवाज तर पत्रा थरथरल्यानं होतो, म्हणजे इलाज पत्र्याच्या वरून सुरू करायला हवा. पाचटाचा किंवा गोणपाटाचा जाड थर वर बांधला की थेंबाचा मार तिथेच मरतो. मग आतून दुसरं छत: बारा मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर, वर पन्नास मिलिमीटर रॉकवूल, आणि हे सगळं पत्र्याला कुठेही न टेकता रबराच्या गुटक्यांवर टांगलेलं. एक खिळा जरी पत्र्याच्या कैचीत आरपार गेला तरी त्या वाटेनं पाऊस खाली उतरतो. रॉकवूल भिजलं तर बसतं आणि वास मारतं, म्हणून गळती आधी बंद करायची. ज्यांना स्लॅब परवडला त्यांचे हे सगळे प्रश्न एका झटक्यात सुटले, पण स्लॅब परवडायला आधी चार-पाच हंगाम जावे लागतात.

भिंतीच्या बाबतीत मात्र गावाकडचा जुना जुगाड चांगलाच आहे. लुगड्यांच्या जाड वाकळी भिंतीपासून चार इंच सोडून टांगल्या की गायनासाठी खोली पुरेशी कोरडी, म्हणजे बिनघुमाऱ्याची, होते. भिंतीला चिकटवल्या तर निम्मा उपयोग जातो.

रातकिडे हा वेगळाच विषय. त्यांचा सूर चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो आणि आवाजातला स्पष्टपणाही तिथेच असतो. फिल्टर लावून तो काढायला गेलं की शब्दाची धार जाते. दाराच्या फटी रबरानं बुजवणं हाच उपाय. देवळाचा कर्णा आणि मिरवणुकीचा डीजे कायद्यानं रात्री दहाला बंद होतो, शेताकडची वर्दळ थांबते, म्हणून गायन दहानंतर घेण्याची पद्धत पडली. रातकिड्यांशी जुळवून घेणं डीजेपेक्षा सोपं.

कातडी वाद्यांचं दुखणं सगळ्यात मोठं. ओलीनं पुडी सैल होते. सकाळी काळी एकला लावलेली ढोलकी दुपारच्या सरीनंतर स्वर सोडते, आणि ही गोष्ट मिक्सिंगला बसल्यावर लक्षात येते, कारण वाजवणाऱ्याच्या कानात तेव्हा क्लिक, म्हणजे लयीची टकटक, असते. ढोलकीची शाईची पुडी दर गाण्याआधी संवादिनीच्या षड्जाशी ताडून घ्यायची आणि मुखडा, अंतरा, सगळी कडवी एकाच बैठकीत वाजवून घ्यायची. उद्या पुन्हा पंच मारू, म्हणजे तेवढाच तुकडा नव्यानं भरू, म्हटलं तर उद्याची ढोलकी वेगळी असते. हलगी तर शेकल्याशिवाय बोलतच नाही. बाहेर शेकोटीवर तापवून आत आणली की ओल्या हवेत काही मिनिटांतच ती मऊ पडते. दोन हलग्या आळीपाळीनं शेकत ठेवणं किंवा मुद्रणाच्या बूथबाहेर हॅलोजनचा दिवा लावून त्याच्यासमोर धरणं हे रूढ उपाय. दिवा फार जवळ नेला तर कातडं कडेला तडकतं. संबळाची झील, म्हणजे वरच्या स्वराची बाजू, याच कारणानं बसते. या सगळ्या कटकटीतून अनेकांनी ऑक्टोपॅड आणि तयार लूप (तालाचे आयते तुकडे) धरले. काम झपाट्यानं व्हायला लागलं आणि गणपतीची गाणी एकमेकांसारखी ऐकू यायला लागली. लूपचा आणखी एक तोटा पुढे कळला. दोन गावांतल्या दोन गाण्यांत एकच विकतचा लूप असला की यूट्यूबची यंत्रणा कधी कधी एकावर दुसऱ्याचा हक्क दाखवते.

कंडेन्सर माइकच्या पडद्यावर ओल धरली की तडतड आणि फुसफुस सुरू होते. माइक रात्री हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायचा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरायचे. एक साधा डायनॅमिक माइक हाताशी असावा, तो ओलीला दाद देत नाही.

वीज हे दुखणं बारमाही, पण पावसात जास्त. दोन हजारच्या दशकातल्या भारनियमनात गावठाणाचे फीडर शेतीपंपांपासून वेगळे होईपर्यंत कित्येक स्टुडिओ रात्रीच चालायचे. आताही संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. स्टॅबिलायझर आणि यूपीएस दोन्ही लागतात, आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा. चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर लावला की प्रत्येक ट्रॅकवर गुणगुण उतरते आणि माणसं केबल बदलत बसतात. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नीट केलेला असावा आणि संगणक, मिक्सर, स्पीकर एकाच सॉकेटपट्टीवर असावेत. दोन भिंतींवरची दोन अर्थिंग जोडली गेली की पन्नास हर्ट्झची घरघर आलीच.

गायक-वादकांची क्लिकशी ओळख नसणं ही आणखी एक जुनी अडचण. गोंधळाची लय मुळातच चढत जाते. तिला एका ठोक्यावर खिळवलं की गाणं मेल्यासारखं वाटतं. जाणती माणसं आधी गायक आणि संबळ एकत्र, क्लिकविना घेतात, मग त्या मुद्रणावरून टेम्पोचा, म्हणजे लयीच्या चढउताराचा, नकाशा बनवून कीबोर्ड, बासरी आणि कोरस चढवतात. भजनी मंडळातल्या बायकांना हेडफोनमध्ये टकटक नको असते. क्लिकच्या जागी टाळाचा किंवा दिमडीचा ठोका दिला की त्या सरळ लयीत येतात. तिघींकडून दोनदा गाऊन घेतलं की सहा जणींचा कोरस होतो.

घाईत हमखास होणारी चूक सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे त्याची. प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झवर आणि इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) ४८ वर राहिला की गाणं सुमारे नऊ टक्के वेगानं पळतं आणि जवळजवळ दीड पट्टी चढतं. बिचाऱ्या गायकाला ‘पट्टी सोडलीस’ म्हणून ऐकून घ्यावं लागतं. व्हिडिओ करायचाच असतो, तेव्हा सुरुवातीपासून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवणं बरं.

मिक्सिंगची चवही ऐकण्याच्या साधनाबरोबर बदलत आली. कर्ण्याच्या काळात शब्द पुढे आणि ढोलकीचा चाट तीक्ष्ण ठेवत, कारण कर्णा खर्ज वाजवतच नाही. डीजेच्या काळात सगळं वजन खाली गेलं. आता तेच गाणं रात्री डीजेवर आणि सकाळी मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर वाजतं, जिथे दोनशे हर्ट्झखालचं फारसं उरत नाही. म्हणून खर्जाच्या ढोलाबरोबर मधल्या पट्टीतली थाप जोडून द्यावी लागते. आवाज मोठा करण्याची शर्यतही फुकट आहे: यूट्यूब मोठं गाणं उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास खाली ओढतं आणि चेपलेली ढोलकी तेवढी चेपलेलीच राहते.

कागदपत्रांचा भाग मात्र अजून कॅसेटच्या काळातच अडकलेला आहे. तेव्हा गीतकार-गायकाला एकरकमी पैसे देऊन कंपनी हक्क घ्यायची आणि तेच वळण पुढे पडलं. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. चॅनेल मात्र जगभर चालतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीच्या वाट्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. ऑगस्टमध्ये रात्री अकराला डबिंग, म्हणजे गायन, संपवून निघताना हे कुणी लिहून घेत नाही. भांडण सुरू होतं ते कार्तिकात, गाण्याचे व्ह्यूज लाखांत गेल्यावर, आणि तोवर चाल कुणाची, कडवी कुणी बदलली, ढोलकीचा लूप कुठून आला हे ज्याच्या त्याच्या आठवणीवर असतं. काही स्टुडिओंनी आता वहीच्या त्याच पानावर, तारखेशेजारी, गाण्याचं नाव, चाल, शब्द, वादक आणि हक्क कुणाकडे हे लिहून सह्या घ्यायला सुरुवात केली आहे. पारंपरिक गवळण किंवा ओवी असेल तर तसंही लिहितात, म्हणजे पुढच्या हंगामात दुसऱ्या कुणी तीच गायली तर तंटा होत नाही.