देवीची लस, राखीव साठा आणि फार्मासिस्ट : पार्श्वभूमी

अमेरिकेत सरसकट देवी टोचणे 1972 मध्ये बंद झाले, 1980 मध्ये रोगाचे उच्चाटन जाहीर झाले. त्यानंतर शिकलेल्या बहुतेक फार्मासिस्टांनी ही लस हाताळलीच नव्हती. 1999 मध्ये राखीव औषधसाठा उभा राहिला. 12 तासांत देशात कुठेही माल पोचवायचा. 2001 मध्ये अँथ्रॅक्स या रोगाचे जंतू घातलेली पत्रे आली आणि 60 दिवसांची प्रतिजैविके वाटणे हे फार्मसीचे मुख्य काम ठरले. पण अँथ्रॅक्स जिवाणूचा, देवी विषाणूची. विषाणूपुढे नुसत्या गोळ्या वाटून भागत नाही.

देवीचा विषाणू शस्त्र म्हणून वापरला जाईल या भीतीने डिसेंबर 2002 मध्ये सुमारे 5 लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना स्वेच्छेने देवीची लस देण्याची योजना जाहीर झाली. प्रत्यक्षात 40 हजारांच्या आतच लोकांनी ती घेतली. एकही रुग्ण नसताना जिवंत विषाणूची लस का घ्यायची, हा प्रश्न रास्त होता. हृदयस्नायू आणि हृदयावरणाच्या दाहाच्या नोंदी आल्या. नुकसानभरपाईचा कायदा एप्रिल 2003 मध्ये झाला, तोवर उत्साह ओसरला होता. लशीच्या धोक्यावर खूप चर्चा झाली. तेवढीच महत्त्वाची होती चाळणी, म्हणजे ज्यांना लस चालणार नाही त्यांना आधीच ओळखणे. कोणाला लस देऊ नये हे औषधांच्या नोंदीत दिसते: मेथोट्रेक्सेट, प्रेडनिसोलोन यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, अवयव प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या, इसबासाठी टॅक्रोलिमस मलम, स्टिरॉइडचे डोळ्यांतले थेंब. लस टोचलेल्या जागी उठणाऱ्या फोडातून लशीचा विषाणू बाहेर पडतो, म्हणून घरातल्या माणसांचे इसब किंवा गरोदरपणही विचारायला हवे. अर्जावर माणूस 'आजार नाही' असे लिहितो आणि मलम मात्र रोज लावत असतो. ही चाळणी फार्मासिस्टाकडेच द्यायला हवी होती.

2007 मध्ये परवाना मिळालेल्या लशीची कुपी गोठवून ठेवतात, 0.3 मि.ली. द्रावक घालून विरघळवतात. तेवढ्यात 100 मात्रा होतात. दुभागलेल्या टोकाची सुई बुडवली की जेमतेम 0.0025 मि.ली. थेंब अडकतो, मग त्वचेवर 15 टोच. नेहमीच्या सवयीने सिरिंजने ओढली तर कुपीच संपते. जागा अल्कोहोलने पुसून ओली असतानाच टोचली तर लशीचा विषाणू मरतो आणि फोड उठत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या दिवशी जागा पाहायची.

2009 च्या फ्लूच्या साथीने मात्रेचा घोळ उघडा पाडला. ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाचे तयार द्रव 12 मि.ग्रॅ. प्रति मि.ली., तुटवड्यात कॅप्सूल फोडून फार्मसीत केलेले 15, आणि 2011 मध्ये बाजारात आलेले 6. म्हणजे '5 मि.ली.' हे कधी 60, कधी 75, कधी 30 मि.ग्रॅ. त्यात सिरिंजवर मि.ग्रॅ.च्या खुणा आणि लेबलवर चमच्याचे माप, असेही घडले.

2018 मध्ये देवीवर टेकोव्हिरिमॅट मंजूर झाले: 40 ते 120 किलोच्या आतल्या प्रौढाला 200 मि.ग्रॅ.च्या तीन कॅप्सूल, दर 12 तासांनी, 14 दिवस. पोटभर जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यायच्या आणि जेवणात सुमारे 25 ग्रॅम स्निग्धांश हवा. नाहीतर औषध नीट शोषले जात नाही. मधुमेहावरचे रिपॅग्लिनाइड घेणाऱ्याची साखर घसरू शकते, तेही विचारायचे.

2022 मध्ये देवीच्याच जातकुळीतल्या मंकीपॉक्ससाठी दुसऱ्या एका लशीची 0.5 मि.ली.ची कुपी त्वचेत 0.1 मि.ली. टोचून पाच जणांना पुरवायची ठरली. सिरिंजमध्ये मृत जागा, म्हणजे दट्ट्या पूर्ण दाबूनही द्रव अडकून राहतो ती जागा, जास्त असेल तर पाचवी मात्रा भरत नाही, आणि दोन कुप्यांमधले उरलेले एकत्र करता येत नाही.