वेस्ट इंक पॅड

इंकजेट प्रिंटरच्या तळाशी बसवलेले, कागदावर न उतरलेली शाई शोषून घेणारे नमद्यासारखे सच्छिद्र पॅड. कागदावर शाई फवारणाऱ्या हेडची सूक्ष्म छिद्रे वाळून बुजू नयेत म्हणून प्रिंटर अधूनमधून, आणि हेड क्लीनिंग केल्यावर तर हमखास, थोडी शाई हेडमधून ओढून काढतो व नळीवाटे या पॅडवर सोडतो. बिनसमासाचे फोटो छापताना कागदाबाहेर उडणारे तुषारही अशाच पॅडच्या पट्ट्यांवर पडतात. शाईतील पाणी उडून जाते, पण रंग आणि ग्लायकॉलसारखे सावकाश उडणारे द्रव मागे राहतात. त्यामुळे जुने पॅड बाहेर काढले की ते डांबरासारखे काळे, ओलसर चकाकते आणि बोटाला लागलेला डाग साबणाला सहजी दाद देत नाही.

पॅड किती भरले हे बहुतेक प्रिंटर प्रत्यक्ष मोजत नाहीत. प्रत्येक क्लीनिंगला किती शाई गेली असावी, याच्या अंदाजाची बेरीज मेमरीतील काउंटर करत राहतो आणि ठरलेली मर्यादा गाठली की छपाई थांबते. कॅननच्या अनेक मॉडेलांवर दिसणारा ‘५बी००’ हा एरर त्यातलाच. पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून सदाशिव पेठेपर्यंत, स्पर्धा परीक्षांचे अर्ज आणि नोट्स छापून देणाऱ्या दुकानांच्या परिसरात, अशा वेळी ‘रिसेट मारून घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. रिसेटने काउंटर शून्यावर येतो, पॅड मात्र होते तितकेच भिजलेले राहते. पॅड न बदलता दुसऱ्यांदा रिसेट करणे म्हणजे टेबलाच्या सनमायकावर निळाजांभळा ओघळ मागवून घेणे होय.

पॅडचे आयुष्य मुख्यतः क्लीनिंगच्या संख्येवर अवलंबून असते. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करण्याची घरोघरची सवय इथे महागात पडते, कारण छपाई चालू असताना वीज तुटली तर हेड टोपणाखाली न जाता उघडे राहते, वाळते आणि पुन्हा क्लीनिंग मागते. म्हणून आधी प्रिंटरचे स्वतःचे बटण दाबावे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आठवड्याला एखादे रंगीत पान छापलेले बरे. क्लीनिंगआधी नोझल चेक, म्हणजे छिद्रे बुजली आहेत का हे दाखवणारा छापील नमुना, काढून पाहावा, आणि पॉवर क्लीनिंग, म्हणजे जोरदार सफाई, अगदी शेवटी करावे, कारण त्यात साध्या क्लीनिंगपेक्षा कितीतरी जास्त शाई वाया जाते.

अनेक नव्या मॉडेलांत मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे वाया गेलेली शाई साठवणारा सुटा डबा, असतो आणि तो वापरणाऱ्यालाच बदलता येतो. जुन्या प्रिंटरचे पॅड बदलताना हातमोजे घालावेत, खाली वर्तमानपत्र पसरावे, तुकड्यांचा क्रम व नळीचे टोक ध्यानात ठेवावे आणि काउंटर त्यानंतरच रिसेट करावा. काही जण पॅड धुऊन वाळवतात, पण जुलैच्या दमट हवेत ते दिवसेंदिवस वाळत नाही. नवे घेणेच सोयीचे. दुरुस्तीला नेताना प्रिंटर रिक्षात कुशीवर कलता ठेवू नये, अन्यथा पॅडमधली शाई सर्किट बोर्डापर्यंत पोहोचू शकते.