‘बराच वेळ दिले नाही, म्हणजे आता देणारच’ हा समज खोटा का आहे

ऑनलाइन स्लॉट, म्हणजे पडद्यावर चक्रे फिरवून पैसे लावण्याचा जुगार, खेळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे एक समज फिरत आहे की, बराच वेळ कोरडा गेलेला खेळ आता ‘द्यायला आलेला’ असतो आणि हरल्यावर पैज दुप्पट करत गेल्यास गेलेले पैसे वसूल होतात. वस्तुस्थिती तशी नाही. बटण दाबताच एक प्रोग्रॅम यादृच्छिक संख्या काढतो, निकाल तिथेच ठरतो आणि पडद्यावरची चक्रे तो केवळ दाखवतात; मागच्या शंभर फेऱ्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो.

दुपटीचा हिशेब तर प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावाच. 10 रुपयांपासून सुरुवात करून सलग दहा फेऱ्या हरल्यास 10,230 रुपये गेलेले असतात आणि अकरावी पैज 10,240 रुपयांची लावावी लागते. शिवाय स्लॉटमध्ये ‘जिंकणे’ म्हणजे दुप्पट मिळणे नव्हे: 20 रुपयांच्या फेरीत 8 रुपये मिळाले तरी दिवे लुकलुकतात, घंटा वाजते आणि 12 रुपये गेल्याचे लक्षातही येत नाही, हे मला सर्वांत घातक वाटते.

एखाद्या स्लॉटचा 96 टक्के परतावा, म्हणजे लावलेल्या पैशांपैकी खेळाडूंना परत मिळणारा वाटा, ही लाखो फेऱ्यांची सरासरी असते. 100 रुपयांच्या 500 फेऱ्यांत एकूण 50,000 रुपये लागतात आणि त्यातले सरासरी 2,000 रुपये चालकाकडेच राहतात.