अंतराळ युद्धकथांतील क्षेपणास्त्रांचे मार्गदर्शन व डावपेच

विज्ञानकथांतील अंतराळ ताफ्यांच्या लढायांमध्ये क्षेपणास्त्र लक्ष्याचा माग कसा काढते आणि ते केव्हा व किती संख्येने सोडले जाते, यासंबंधीच्या कल्पनांचा या विषयात समावेश होतो. त्यांचे मूळ बरेचसे समुद्री युद्धात आहे. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या लहान नौकांनी इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका क्षेपणास्त्रांनी बुडवली, तेव्हा लहान नौकाही मोठ्या जहाजाचा घास घेऊ शकते हे सिद्ध झाले.

निर्वातात क्षेपणास्त्राचा पल्ला जवळजवळ अमर्याद असतो. मर्यादा असते ती दिशा बदलण्याच्या क्षमतेला. तेथे पंखांचा उपयोग नसल्याने प्रत्येक वळणासाठी इंधन खर्चावे लागते, आणि रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अग्निबाणाच्या समीकरणानुसार वेगातील अपेक्षित बदल जसजसा वाढतो तसतसे इंधनाचे वजन त्याहून कितीतरी झपाट्याने वाढते. म्हणून आरंभी वेग घेऊन मधला प्रवास इंजिन बंद ठेवून करणे व अखेरच्या पाठलागासाठी साठा राखणे शहाणपणाचे ठरते. हा हिशेब पाळणारी कथाच वाचकाला पटते.

दुसरी अडचण प्रकाशाच्या वेगाची. लक्ष्य ३० लाख किमी. दूर असेल, तर त्याची हालचाल मूळ जहाजाला १० सेकंदांनी दिसते आणि लक्ष्याजवळ पोचलेल्या क्षेपणास्त्राला आज्ञा मिळण्यास आणखी १० सेकंद जातात. तेवढ्यात पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने वळणारे जहाज अंदाजापासून सुमारे २ किमी. सरकलेले असते. त्यामुळे अखेरच्या टप्प्यात क्षेपणास्त्राला स्वतःच पाहावे लागते. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर लक्ष्य जागचे न हलता केवळ जवळ येत असेल, तर टक्कर अटळ असते. खलाशांना हा नियम फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फसवे लक्ष्य मात्र बनवणे कठीण, कारण त्याला जहाजाची उष्णता आणि त्वरण या दोहोंची नक्कल करावी लागते.

डावपेचांचा गाभा एकाच वेळी होणाऱ्या माऱ्यात आहे. एका वेळी २० क्षेपणास्त्रे पाडू शकणाऱ्या जहाजावर बारा-बाराच्या दोन फेऱ्या वेगवेगळ्या आल्यास एकही लागत नाही, पण चोवीसही एकदम आल्यास चार लागतात. त्यासाठी आधी सोडलेली क्षेपणास्त्रे संथ मार्गाने नेऊन मागाहून निघालेल्यांशी त्यांची वेळ जुळवली जाते. अंतर मोठे असल्याने ती सोडणारे जहाज नष्ट झाल्यावरही त्यांचा प्रवास चालूच राहतो, आणि दोन्ही ताफे एकमेकांच्या माऱ्याने संपुष्टात येऊ शकतात.