दिसणाऱ्या पट्ट्याच्या पलीकडे काय आहे ते कसं कळत गेलं

'तानापिहिनिपाजा' सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण त्यातला 'पा' म्हणजे पारवा न्यूटननं मागाहून घातलाय हे फार जणांना माहीत नसतं. १६६६ च्या सुमाराला त्यानं अंधाऱ्या खोलीत भोकातून येणारं ऊन लोलकातून सोडलं, भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला, त्याला त्यानं स्पेक्ट्रम म्हटलं. आधी तो पाचच रंग सांगायचा, मग संगीतातल्या सात सुरांशी मेळ बसावा म्हणून नारंगी आणि पारवा वाढवले. खरं तर एक रंग कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो अशी सीमा तिथे नसतेच. त्याचं मोठं काम वेगळं होतं, लोलक पांढऱ्या प्रकाशाला रंग चढवतो ही जुनी समजूत त्यानं मोडली, रंग प्रकाशात आधीपासूनच असतात, लोलक ते फक्त वेगळे करतो.

पण पट्टा जिथे दिसेनासा होतो तिथे प्रकाशही संपतो, हे पुढची सव्वाशे वर्षं सगळ्यांनी धरूनच चाललं.

१८०० साली विल्यम हर्शेल (युरेनस शोधणारा तोच) रंगीत काचा लावून सूर्य बघत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काही काचांतून उजेड कमी येतो पण ऊब जास्त लागते. मग त्यानं एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिलं. जांभळ्यात पारा २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन, लालमधे जवळपास ७, आणि लालच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे ठेवला तर त्याहून जास्त! मला हा प्रयोग या सगळ्या गोष्टीत सगळ्यात आवडतो, कारण साधन काय तर थर्मामीटर, आणि त्यानं दाखवलं काय तर इन्फ्रारेड. हे ऐकून जर्मनीत योहान रिटरला वाटलं की एका टोकाला असं आहे तर दुसऱ्या टोकालाही काहीतरी असणार, त्यानं १८०१ मधे जांभळ्याच्या पलीकडे सिल्व्हर क्लोराइड (उजेडात काळं पडणारं एक रसायन) ठेवलं, ते तिथे सगळ्यात लवकर काळं पडलं. ते झालं अल्ट्राव्हायोलेट.

प्रकाश लहरींसारखा वागतो हे थॉमस यंगनं त्याच काळात दाखवलं, पण लहरी नक्की कशाच्या, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर आलं विजेच्या अभ्यासातून. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची गणितं मांडली, त्यातून लहरी निघत होत्या, आणि लॅबमधे मोजलेले विजेचे नि चुंबकत्वाचे आकडे घालून त्यांचा वेग काढला तर तो सेकंदाला ३,१०,००० किलोमीटरच्या आसपास आला. फिझोनं १८४९ मधे दातेरी चाक फिरवून प्रकाशाचा वेग मोजला होता तो साधारण ३,१५,०००. (आजचा आकडा २,९९,७९२.) इतकं जवळ येणं योगायोग असूच शकत नाही, म्हणून १८६५ च्या पेपरमधे मॅक्सवेलनं सांगितलं की प्रकाश हीच एक विद्युतचुंबकीय लहर आहे. म्हणजे मग दिसणाऱ्या प्रकाशाहून कितीतरी लांब आणि कितीतरी आखूड लहरीही असायला हरकत नव्हती.

हे सिद्ध झालेलं बघायला मॅक्सवेल नव्हता, तो १८७९ मधेच गेला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झनं १८८७-८८ मधे ठिणग्या पाडून लहरी तयार केल्या, पलीकडे ठेवलेल्या तारेच्या कड्याच्या फटीत बारीकशी ठिणगी उडाली की लहर पोचली. त्यानं डांबरासारख्या पदार्थाचा दीड मीटर उंच, ६०० किलोच्या आसपास वजनाचा लोलक ओतून घेतला आणि या न दिसणाऱ्या लहरीही त्यातून वळतात हे दाखवलं. न्यूटनचाच प्रयोग, फक्त लहर ६६ सेंटिमीटर लांबीची. याच आज रेडिओलहरी.

आखूड बाजूला १८९५ मधे राँटगेनला असे किरण सापडले की त्यांची ओळखच पटेना, म्हणून त्यानं बीजगणितातल्या अज्ञात संख्येचं अक्षर त्यांना दिलं, आपण त्याला क्ष म्हणतो. तेही लहरीच आहेत हे फोन लाउएच्या स्फटिकावरच्या प्रयोगातून १९१२ मधे कळलं. गॅमा किरण व्हिलार्डला १९०० मधे रेडियमजवळ दिसले, त्यांची तरंगलांबी (एका लहरीची लांबी) रदरफोर्ड आणि आंद्रादे यांनी १९१४ मधे मोजली.

या सगळ्यात डोळ्याला दिसणारा भाग साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), म्हणजे एका टोकाची लहर दुसऱ्या टोकाच्या जेमतेम दुप्पट, तर रेडिओलहरी किलोमीटरमधेही मोजतात. आणि पुस्तकातल्या तक्त्यात जे कप्पे असतात ते शोध जसे वेगवेगळे लागले तसे पडलेत, म्हणूनच क्ष-किरण आणि गॅमा किरणांच्या तरंगलांब्या एकमेकांत घुसतात, अणुकेंद्रकातून आला तर गॅमा आणि इलेक्ट्रॉनमुळे निघाला तर क्ष, असं बरेचदा तो कुठून आला त्यावरच नाव ठरतं.