बेअरबोट की क्रूवाली बोट? बीव्हीआयला आठवडा काढायचाय त्यांच्यासाठी

कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला, म्हणजे बीव्हीआयला, बोट घेऊन आठवडाभर बेटं फिरायची, हे अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या ग्रुपमधे बऱ्याचदा ठरतं आणि खरंच ठरवावं अशीच ती जागा आहे, पण बुकिंगच्या वेळी बेअरबोट (भाड्याने घेतलेली नुसती बोट) आणि क्रूड चार्टर (क्रूसकट, म्हणजे चालवणाऱ्या माणसांसकट भाड्याची बोट) या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की वाचून जीव कासावीस होतो. फोटोत दोन्हीकडे तीच पांढरी कॅटामरान, म्हणजे जोड-सांगाड्याची बोट, त्याच चार केबिन, तेच निळं पाणी. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मग साहजिकच स्वस्तातली उचलली जाते आणि तिच्यासोबत काय गळ्यात पडतंय हे कोणी विचारतच नाही.

बेअरबोट म्हणजे रिकामी किंवा कमी सोयीची बोट नाही. फ्रिज, शेगडी, अंथरूण-पांघरूण, किनाऱ्यावर जायला छोटी डिंगी, सगळं असतं. नसतो तो फक्त माणूस. बोट आठवडाभर तुमच्या ताब्यात आणि तिचे तांडेल तुम्ही. क्रूड चार्टरमधे बोटीची माणसं बोटीवरच राहतात, बीव्हीआयच्या कॅटामरानवर बहुतेक वेळा एक कॅप्टन आणि एक शेफ, आणि बोट कुठे न्यायची, कधी थांबायचं याचा शेवटचा शब्द कॅप्टनचा. सेल्फ ड्राइव्ह गाडी आणि ड्रायव्हरसकट गाडी असा फरक म्हणा हवं तर, पण गाडीला हँडब्रेक असतो, बोटीला नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

ती कशी ते सांगतो. दुपारचे साडेतीन झालेत, तुम्ही नॉर्मन आयलंडच्या खाडीत शिरताय, रात्रीसाठी मूरिंग बॉल, म्हणजे तळाशी पक्का बांधलेला, बोट अडकवायचा तरंगता गोळा, पकडायचाय. पुढे एकजण लांब काठीचा हुक घेऊन वाकलेला, सुकाणूवर दुसरा, त्याला पुढून बॉल दिसतच नाही म्हणून हाताच्या खुणांवर चालायचं, वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू जायचं आणि नेमकं बॉलपाशी पोचल्यावर वेग संपला पाहिजे. जरा उशीर झाला की वारा बोटीचं नाक बाजूला ढकलतो आणि शेजारच्या बोटीवरचे लोक त्यांचे फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या फुगीर उशा, घेऊन उभे राहतात. दोर दोन्ही बाजूंच्या क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंट्यांना, नीट बांधला, मग कोणीतरी मास्क लावून पाण्यात उतरून खालची साखळी बघून यायची. क्रूवाल्या बोटीवर हे सगळं होत असताना तुम्ही मागे बसून भजी खात असता. बेअरबोटवर हे रोज, आणि त्यात ज्याला मजा वाटते त्यानेच बेअरबोट घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

बीव्हीआय शिकाऊ कप्तानाला जरा सांभाळून घेते हेही खरं. सर फ्रान्सिस ड्रेक चॅनलच्या दोन्ही बाजूंना बेटं, पुढचं मुक्कामाचं बेट बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच असतं, भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर आणि वारा पूर्वेकडून भरवशाचा, डिसेंबर-जानेवारीत मात्र तो चांगलाच जोर धरतो. याला अपवाद अनेगाडा. बाकीची बेटं डोंगराळ, आणि हे प्रवाळाचं सपाट बेट, सगळ्यात उंच जागा तीसेक फूट, म्हणजे जवळ जाईपर्यंत दिसतच नाही आणि शेजारी पसरलेला हॉर्सशू रीफ हा पाण्याखालचा प्रवाळाचा खडक, ज्याने आजवर शेकडो जहाजं गिळलीयत. काही कंपन्या बेअरबोटला तिकडे जाऊच देत नाहीत, काही वेगळं ब्रीफिंग देऊन सोडतात, आणि ऊन डोक्यावर असताना पोचा असं सांगतात कारण तेव्हाच पाण्याखालचा खडक रंगावरून ओळखता येतो. तिथला लॉबस्टर खायचाच असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे बुकिंगआधी विचारावं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मधल्या प्रकारात, बेअरबोट घेऊन वर रोजावर स्किपर ठेवायचा. लोकांना वाटतं ही झाली क्रूड चार्टर, स्वस्तात. तसं नाहीये. स्किपर बोट चालवतो, बास. किराणा तुमचा, स्वयंपाक तुमचा, भांडी तुमची, स्किपरचं जेवणही तुमच्याकडे आणि त्याला झोपायला जागा द्यावी लागते, म्हणजे चार केबिनच्या बोटीवर चार जोडपी ठरवून बसला असाल तर गणित तिथेच फिसकटलं.

पैशांचं थोडक्यात. क्रूवाल्या कॅटामरानच्या भावात तिथे सहसा जेवण, ड्रिंक्स, इंधन सगळं धरलेलं असतं, वर टीप 15 ते 20 टक्के, ती आधीच बाजूला काढून ठेवा. बेअरबोटचा भाव नुसत्या बोटीचा. त्यात किराणा, डिझेल, पाणी, रोजचं मूरिंग, विमा किंवा डिपॉझिट मिळवा आणि मग माणशी भागा, फरक राहतोच पण वेबसाइटवर दिसतो तेवढा नाही. शाकाहारी लोक असतील तर क्रूड चार्टरच्या आवडीनिवडीच्या फॉर्ममधे अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का इथपर्यंत स्पष्ट लिहा, चांगला शेफ त्याप्रमाणे सामान भरतो.

सोबत आई-बाबा आहेत, लहान मुलं आहेत आणि बोटीचं कळणारा एकच माणूस आहे, तर माझ्या मते क्रूच घ्या. तो एकटा माणूस आठवडाभर हवामान, बॅटरी, पाण्याची टाकी यातच अडकतो, सॉल्ट आयलंडजवळ 1867 च्या वादळात बुडालेलं ऱ्होन जहाज बघायला बाकीचे पाण्यात उतरतात आणि हा वर बोट राखत बसतो. निदान दोघं पक्के सेलर असतील तर बेअरबोटसारखं सुख नाही, मनात आलं की निघायचं, व्हर्जिन गोर्डा बेटावरच्या बाथ्सला, म्हणजे मोठाल्या खडकांच्या किनाऱ्याला, सकाळी गर्दीच्या आधी पोचायचं, कोणाला विचारायला नको.

ग्रीस-क्रोएशियासारखं इथे लायसन्सवर अडत नाही, कंपनी सेलिंग रेझ्युमे बघते: केवढी बोट चालवलीय, नांगर टाकून रात्र काढलीय का. तो खरा लिहा, फुगवू नका. आणि तो वाचून ते म्हणाले की पहिले दोन दिवस आमचा स्किपर सोबत घ्या, तर वाद न घालता घ्या, त्या दोन दिवसांत मूरिंग त्याला शेजारी उभं करून तुम्हीच पकडा.